शिंग नसलेल्या शिंगवाल्याच्या गावी

माझ्या बहिणीच्या तेरा वर्षांच्या मुलाला ट्रायसेराटॉप्स हा तीन शिंगांचा डायनासोर पाहायचा होता आणि मला गोबीचे वाळवंट. ट्रायसेराटॉप्स हा उत्तर अमेरिकेचा रहिवासी असल्यामुळे आणि तिकडचा खर्च निवृत्त शिक्षिकेला झेपणारा नसल्यामुळे, मंगोलियात त्याचा एक नातलग सापडतो, तो आकाराने धाकटा असला तरी काळाने थोरला आहे, असे सांगून मी भाच्याला राजी केले. त्या नातलगाचे नाव प्रोटोसेराटॉप्स. गेल्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे त्याच्या मुलखात पाच दिवस हिंडून आलो.

पहिला दिवस : उलानबातर

दिल्लीहून एक विमान बदलून आम्ही उलानबातरला पोहोचलो आणि वाटेत काहीच बिघडले नाही, त्यामुळे त्याविषयी सांगण्यासारखेही काही नाही. नवा विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर दूर आहे आणि शहरात वाहनांची कोंडी भयंकर असते, एवढे मात्र ध्यानात ठेवून वेळेचा हिशेब करावा.

पूर्वी लेनिन संग्रहालय असलेल्या इमारतीत डायनासोरांचे दालन मांडलेले आहे. तिथला मानाचा पाहुणा म्हणजे टार्बोसॉरस, टायरॅनोसॉरसचा आशियाई भाऊबंद. त्याचा एक सांगाडा चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेला होता, २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला आणि मंगोलिया सरकारने कायदेशीर लढा देऊन २०१३ साली तो परत आणला. एवढी मोठी कथा असलेल्या त्या प्राण्याकडे माझ्या भाच्याने ओझरते पाहिले आणि विचारले, "मावशी, आपला कुठे आहे?"

आपला बाजूच्या चौथऱ्यावर होता आणि चौथरा वगळला तर त्याची पाठ मुलाच्या कमरेपर्यंतही येत नव्हती. शेपटीसकट लांबी सुमारे दोन मीटर, पुठ्ठ्यापाशी उंची जेमतेम दोन फूट, चारी पाय जाडजूड आणि बोटांची टोके पसरट. धड एखाद्या मोठ्या मेंढ्याचे म्हणून खपले असते. डोके मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी उसने आणून बसवल्यासारखे अवाढव्य. भाच्याने सांगाड्याला एक फेरी मारली, मग उलट दिशेने दुसरी मारली, आणि चेहरा पाडून म्हणाला, "पण ह्याला शिंगं कुठे आहेत?"

प्रश्न रास्त होता. 'प्रोटोसेराटॉप्स' म्हणजे 'आद्य शिंगमुख्या', आणि शिंग तर एकही नाही. नाकाच्या वर हाडाचा एक उंचवटा आहे, भुवयांच्या जागी थोडा खडबडीतपणा आहे, बस्स. चीनमधल्या अंतर्गत मंगोलियात सापडलेली याची दुसरी जात २००१ साली नोंदवली गेली, तिच्या नाकावर दोन छोटी टेंगळे आहेत; तीही शिंगे म्हणवत नाहीत. १९२३ साली नाव ठेवणाऱ्यांना हा प्राणी ट्रायसेराटॉप्सच्या घराण्याचा मूळपुरुष वाटला, म्हणून घराण्याचे आडनाव त्याला मिळाले.

तिथे उभ्या उभ्या मला जुनी सवय आवरली नाही आणि मी मुलाला खाली वाकून चोच पाहायला सांगितली. शिंगवाल्या डायनासोरांचे कूळ खरे तर शिंगांवरून ओळखायचे नसतेच. वरच्या जबड्याच्या अगदी टोकाला, इतर सर्व डायनासोरांत नसलेले एक जादा हाड असते आणि त्यावर पोपटासारखी बाकदार चोच चढलेली असते. ते हाड ज्याच्याकडे आहे तो या कुळातला, मग त्याच्या कपाळावर भाल्याएवढी शिंगे असोत की काही नसो. चोचीने झुडपांची टोके खुडायची आणि गालातल्या दातांनी ती कात्रीसारखी कापायची, असा याचा जेवणाचा प्रकार. आणखी एक गंमत म्हणजे चोचीच्या लगेच मागे, वरच्या जबड्यात, दोन्ही बाजूंना दोन दोन छोटे दात शिल्लक आहेत. ट्रायसेराटॉप्समध्ये ते नाहीसे झालेले दिसतात.

डोक्याच्या मागे मानेवर पसरलेली हाडाची झालर हा या प्राण्याचा खरा दागिना. तिच्यात दोन मोठ्या खिडक्या आहेत, त्यामुळे ती ढाल म्हणून फारशी उपयोगाची नसावी, असे पाहताक्षणी वाटते. शेजारच्या कपाटात वयाने चढत्या क्रमाने कवट्या मांडल्या होत्या. पहिल्या पिल्लाच्या कवटीला झालर जवळजवळ नाही, आणि शेवटच्या प्रौढात ती पंख्यासारखी फाकली आहे. कवट्यांच्या त्रिमितीय मोजमापांवर आधारलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार झालरीची वाढ बाकीच्या डोक्याच्या मानाने जास्त वेगाने होत असे, आणि अशी वाढ आपल्या जोडीदारावर किंवा प्रतिस्पर्ध्यावर छाप पाडण्याच्या अवयवांत दिसते. मोराच्या पिसाऱ्याशी नाते सांगणारी गोष्ट आहे ही. नर कोणता आणि मादी कोणती, हे झालरीच्या रुंदीवरून सांगता येते असे पूर्वी मानले जाई, पण नव्या मोजमापांनी त्या विभागणीला दुजोरा दिलेला नाही.

दालनाच्या कोपऱ्यात 'लढणाऱ्या डायनासोरांची' प्रतिकृती आहे. मूळ नमुना १९७१ साली पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला गोबीतल्या तुग्रिगिन शिरे या ठिकाणी मिळाला. एक प्रोटोसेराटॉप्स आणि एक मांसाहारी व्हेलोसिरॅप्टर एकमेकांना भिडलेल्या अवस्थेतच दगड झाले आहेत: शिकाऱ्याच्या पायाची विळ्यासारखी नखी सावजाच्या गळ्यापाशी, आणि शिकाऱ्याचा उजवा हात सावजाच्या चोचीत गच्च धरलेला. भाचा तिथे पंधरा मिनिटे हलला नाही. शिंगांची तक्रार त्यानंतर पुन्हा ऐकू आली नाही.

दुसरा दिवस : दलनझदगद

सकाळच्या विमानाने दीड तासात दलनझदगदला उतरलो. उम्नुगोवी म्हणजे दक्षिण गोबी प्रांताचे हे मुख्य ठिकाण. पुढल्या प्रवासात आमच्याबरोबर एक अबोल चालक आणि भूशास्त्र शिकलेली, उत्तम इंग्रजी बोलणारी एक तरुण वाटाडी होती. दिवस सामान भरण्यात गेला. शाकाहारी मंडळींनी इथल्या बाजारातूनच भात, बटाटे, कांदा, गाजर आणि पाव घ्यावेत, कारण पुढे मांसाशिवाय काही मिळण्याची खात्री नाही. घरून नेलेले मेतकूट आणि दाण्याची चटणी यांनी आम्हाला पाच दिवस तारले. तुग्रिक हे तिथले चलन रोख जवळ ठेवावे. दुपारी उन्हाचा चटका आणि रात्री कडाक्याची थंडी असल्यामुळे सप्टेंबरातही लोकरीची टोपी लागतेच.

तिसरा दिवस : बायनझाग

दलनझदगदच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर बायनझाग आहे. 'झाग' हे एका खुरट्या वाळवंटी झाडाचे नाव आणि 'बायन' म्हणजे समृद्ध, म्हणजे आपल्याकडच्या बाभूळगावासारखेच हे नाव झाले. जगाला ही जागा 'ज्वाळांचे कडे' म्हणून माहीत आहे आणि ते नाव अमेरिकन संशोधक रॉय चॅपमन अँड्र्यूज यांनी दिलेले. डांबरी रस्ता लवकरच संपतो आणि मग गाडीच्या चाकोऱ्यांचे दहा फाटे समोर येतात. चालक त्यांतला एक कसा निवडतो, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

त्याच प्रश्नाने १९२२ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला अडवले होते. अँड्र्यूज यांचा मोटारींचा ताफा वाटेची चौकशी करण्यासाठी थांबला असताना मोहिमेचे छायाचित्रकार शॅकलफर्ड सहज म्हणून पाय मोकळे करायला निघाले आणि सपाट माळ अचानक संपून पायाखाली तांबड्या कड्यांची दरी उघडली. खाली उतरल्यावर एका वालुकाश्माच्या सुळक्यावर त्यांना एक पांढरट कवटी विसावलेली दिसली. पुढच्या वर्षी तिचे नामकरण झाले, 'प्रोटोसेराटॉप्स अँड्र्यूजी', आणि मोहिमेने परत येऊन इतक्या कवट्या गोळा केल्या की पिल्लापासून म्हाताऱ्यापर्यंत एका डायनासोराचे सगळे वय प्रथमच एका ओळीत मांडता आले.

आम्ही मुद्दाम दुपार टळल्यावर पोहोचलो आणि तसेच करावे, कारण भर दुपारी हे कडे भाजक्या विटेसारखे निस्तेज दिसतात. पाचनंतर उन्हे कलली तसा रंग आधी शेंदरी, मग पळसाच्या फुलासारखा झाला. थर जादोख्ता या नावाने ओळखले जातात, वय सुमारे साडेसात कोटी वर्षे. त्या काळीही इथे वाळूच्या टेकड्या होत्या, मधूनमधून पाण्याची डबकी आणि झुडपे होती. म्हणजे हा प्राणी वाळवंटातच जगला आणि वाळवंटातच पुरला गेला.

वाटाडीने एका घळीत आम्हाला बसवले आणि दोन पांढरे तुकडे दाखवले. "यातला दगड कोणता आणि हाड कोणते?" दोन्ही सारखेच दिसत होते. तिने बोट ओले करून एकेका तुकड्याला टेकवले. एक तसाच पडून राहिला आणि दुसरा बोटाला चिकटून वर आला. हाड सच्छिद्र असते, ते ओल शोषून घेते म्हणून चिकटते, आणि जुने संशोधक बोटाऐवजी सरळ जीभ लावत, असेही तिने सांगितले. भाच्याने लगेच जीभ बाहेर काढली. मी डोळे वटारले.

अंड्यांची गोष्ट तिने अगदी रंगवून सांगितली. १९२३ साली याच कड्यांत लांबट अंड्यांची घरटी मिळाली आणि इथे प्रोटोसेराटॉप्स सर्वांत जास्त, म्हणून अंडी त्याचीच, असे ठरले. एका घरट्यावर दुसऱ्याच एका, दात नसलेल्या डायनासोराचा सांगाडा होता. तो चोरी करताना मेला असणार, असे मानून त्याला 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे अंडीचोर, हे नाव १९२४ साली देण्यात आले. सत्तर वर्षांनी, १९९३ साली, गोबीतल्याच उखा तोलगोद येथे तशाच अंड्यात भ्रूण मिळाला आणि तो निघाला ओव्हिरॅप्टरच्याच घराण्यातला. बिचारा आपल्या अंड्यांवर बसला होता आणि नावात चोर होऊन बसला. मग प्रोटोसेराटॉप्सची अंडी गेली कुठे? त्याचे उत्तर २०२० साली आले: त्याच्या अंड्यांचे कवच कडक नव्हतेच, कासवाच्या काही जातींसारखे मऊ, चामड्यासारखे होते. असे कवच बहुधा कुजून जाते, त्यामुळे शंभर वर्षे माणसे ज्या प्राण्याच्या कवट्यांच्या राशी गोळा करत होती त्याचे अंडे कुणाला ओळखता आले नव्हते.

परत निघताना वाटाडी भाच्याच्या खिशाकडे पाहत थांबली. काही बोलली नाही. त्याने स्वतःच खिशातून करंगळीच्या पेराएवढा पांढरा तुकडा काढला आणि तो रडवेला झाला. मंगोलियात सापडणारे प्रत्येक जीवाश्म सरकारची मालमत्ता आहे आणि ते हलवणे हा गुन्हा आहे, हे मी त्याला विमानातच सांगितले होते. तिने मात्र गुन्ह्याचा उल्लेखही केला नाही. तुकडा नेमका कुठून उचलला ते आठवून तिथेच ठेव, एवढेच ती म्हणाली, कारण कोणत्या थरातून आला हे हरवले की ते हाड नुसता खडा होते. ती जागा शोधायला आम्हाला वीस मिनिटे लागली आणि तोवर अंधार पडला. वाचकांनी मुलांचे खिसे आधीच तपासावेत.

रात्र गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत काढली. दिवा सौर विजेवर चालतो, त्यामुळे मोबाइल भारित करायची संधी मिळेल तेव्हा साधून घ्यावी.

चौथा दिवस : तुग्रिगिन शिरे

बायनझागच्या पश्चिमेला तासाभराहून थोडे जास्त गेले की कड्यांचा तांबडा रंग संपून फिकट, जवळजवळ पांढरी वालुकाश्मे लागतात. लढणारी जोडी मिळाली ती हीच जागा. इथे ना दुकान ना पाटी. प्रवासी कमी येतात आणि, स्पष्ट सांगायचे तर, आधी वाचून आले नाही तर पाहण्यासारखे काही दिसतही नाही.

वाचून आलेल्यांना मात्र इथे बरेच काही दिसते. प्रोटोसेराटॉप्सचे काही सांगाडे आडवे पडलेले नसून उभ्या किंवा बसक्या स्थितीत, डोके वर उचललेले असे मिळाले आहेत, जणू शेवटच्या क्षणापर्यंत ते वाळूतून बाहेर पडू पाहत होते. काहींच्या मते वादळाने त्यांना गाडले, तर काहींच्या मते पावसाने भिजलेली टेकडीच त्यांच्यावर घसरली. इथेच एका सत्तरेक सेंटिमीटर रुंदीच्या खळग्यात पंधरा पिल्ले एकत्र मिळाली. त्यांचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले. ती नुकती जन्मलेली नव्हती, म्हणजे जन्मानंतरही काही काळ घरट्यातच होती आणि आईबापांचे त्यांच्याकडे लक्ष असावे. बहुतेक पिल्लांची तोंडे एकाच दिशेला होती. वाऱ्याकडे पाठ करून बसली असतील, असे वाटाडी म्हणाली.

तिचे वाक्य पुरे होते न होते तोच वारा सुटला. पश्चिमेकडून मातकट भिंत येताना दिसली, चालकाने न बोलता आम्हाला गाडीत कोंबले, आणि पुढचा पाऊण तास काचेबाहेर काहीही दिसले नाही. बंद खिडक्यांतूनही धूळ दातांत करकरत होती. भाचा माझा हात धरून बसला होता आणि एकदाच हळू आवाजात म्हणाला, "त्यांना गाडी नव्हती." गॉगल, नाकातोंडावर बांधायला ओढणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा हवाच, हे मी त्या पाऊण तासात शिकले.

वादळ ओसरल्यावर चालकाने गाडी एका पशुपालक कुटुंबाच्या गेरकडे वळवली. कुणी ओळखीचे नव्हते, आणि तिकडे ते लागतही नाही. उंबरठ्यावर पाय देऊ नये, दिलेली वस्तू उजव्या हाताने घ्यावी, आणि वाटी पुढे आली की निदान ओठ तरी लावावेत. आधी मीठ घातलेला दुधाचा चहा आला, मग वाळवलेल्या दह्याच्या वड्या आल्या. त्या वड्या इतक्या टणक की माझ्या दाढेने हार मानली. घरच्या आजीबाईंनी आम्ही कशासाठी आलो ते विचारले आणि वाटाडीने सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या. त्यांच्या लहानपणी शेळ्या चारताना अशी हाडे रोज पायांत येत, म्हणाल्या.

या प्राण्याला काही संशोधक गमतीने 'क्रिटेशस काळातली', म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगातली, 'मेंढी' म्हणतात, इतका तो इथे मुबलक सापडतो. गेरबाहेर शे-दोनशे शेळ्यामेंढ्या धुळीने माखून परतत होत्या, त्यांच्याकडे पाहताना ती उपमा मला चपखल वाटली. एक फरक मात्र सांगावासा वाटतो. या मेंढ्या गवतावर जगतात. प्रोटोसेराटॉप्सची चोच झुडपांसाठी होती, गवताचा माळ त्याच्या काळी पसरलेलाच नव्हता. गवताचा सर्वांत जुन्यांपैकी एक पुरावा माझ्याच तालुक्यातला आहे: वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला मिळालेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले आणि ते २००५ साली जगापुढे आले. ते शेण बहुधा लांब मानेच्या अजस्र डायनासोरांचे. हे मी आजीबाईंना सांगितले. शेणावरून संशोधन करतात हे ऐकून त्या दुसऱ्यांदा हसल्या, आणि चुलीत एक वाळके शेण सरकवून माझी वाटी पुन्हा भरली.

गरुडाची चोच आणि सिंहाचे धड असलेला ग्रिफिन हा कल्पित प्राणी सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्यांना प्रोटोसेराटॉप्सची हाडे पाहूनच सुचला आणि तिथून तो ग्रीकांच्या कथांत गेला, असा एक तर्क प्रसिद्ध आहे आणि वाटाडीलाही तो आवडतो. रात्री शेकोटीपाशी आमचा त्यावर वाद झाला. कल्पना गोड आहे, पण ग्रिफिनची चित्रे पश्चिम आशियात त्या कथांहून कितीतरी जुनी आहेत आणि ज्या सोन्याच्या प्रदेशाचा दाखला देतात तो या कड्यांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मला ती पटत नाही. शेपटीच्या मणक्यांवरचे उंच काटे पाहून हा प्राणी पोहत असावा, असेही काहींनी सुचवले आहे. नुकतीच धूळ खाल्लेली असल्याने त्यावर मी मत दिले नाही.

पाचवा दिवस : परतीची वाट

निघताना आजीबाईंनी भाच्याच्या हातात एक कापडी पुरचुंडी ठेवली. तिच्यात 'शागाई' होत्या, मेंढीच्या घोट्याची छोटी, गुळगुळीत झालेली हाडे. मंगोल मुले त्यांनी आपल्याकडच्या सागरगोट्यांसारखे आणि फाशांसारखे खेळ खेळतात. हाड कोणत्या अंगावर पडले त्यावरून घोडा, उंट, मेंढी किंवा शेळी ठरते. दलनझदगदपर्यंतचा खडखडाट मुलाने ती हाडे टाकण्यात आणि गोळा करण्यात घालवला.

उलानबातरच्या विमानतळावर आमची पिशवी तपासणी यंत्रातून बाहेर आली ती थेट बाजूला घेतली गेली. पडद्यावर हाडे स्पष्ट दिसत होती. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्याने विचारायच्या आधीच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. अधिकाऱ्याने गंभीरपणे पुरचुंडी सोडली, चार हाडे तळहातावर घेतली, मुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ती टेबलावर फेकली. चारांपैकी तीन एकाच अंगावर पडली.

"खोनी," तो म्हणाला आणि हसला. खोनी म्हणजे मेंढी.